आत्याच्या ताटलीतले किडे

माझं अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीत असतानाही नीट कळलं नव्हतं, आता तर हातही कापतो. शब्द अडला की मुलाचं शाळेतलं जुनं पुस्तक काढून त्यात शोधते, तरी चुका राहतातच. कोणाच्या हाती ही वही लागली तर त्याने तेवढं माफ करावं. खरं तर लागू नये म्हणूनच मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवते. पण देवकीवैनीबद्दल मी आजवर कोणाशी बोलले नाही, आणि हे कुठेच न ठेवता मरावं असंही वाटत नाही.

आमचं घर डोंबिवलीच्या खाडीकडच्या अंगाला होतं. घरात सहा माणसं. बाबा, आई, दादा, दादाची बायको देवकीवैनी, बाबांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. आत्या सोडून सगळी मोठी माणसं मिठागरावर जायची. सकाळी घरात सगळ्यात आधी वास यायचा तो मशेरीचा. आई तव्यावर तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, हातावर चुरायची, आणि मग आई, आत्या, वैनी तिघी मागच्या पडवीत उकिडव्या बसून बोटाने दातांवर चोळत राहायच्या. ते दात घासणं नव्हतं, भूक मारणं होतं. मशेरी लावली की दुपारपर्यंत पोटात काही नसलं तरी मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहता यायच्या. बाबा आणि दादा चुलीतली राख बोटावर घेत. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट, कधी खाडीच्या चिखलातल्या निवटी माशांचं कालवण. रात्री जेवून नुसती चूळ भरून सगळे आडवे व्हायचे. माझ्या आठव्या वर्षी माझी दाढ दुखली तेव्हा आईने चिमूटभर मशेरी तिथे दाबली होती. मला गरगरलं, मी ओकले, आणि सगळे हसले. घरात कोणाची दाढ दुखली की आधी लवंग, मग मशेरी, आणि तरी नाही थांबलं तर आत्या.

आत्या दातातला किडा काढायची. ही विद्या तिला तिच्या सासूने दिली होती, आणि नवरा गेल्यावर सासरहून ती एवढंच घेऊन आमच्याकडे आली होती. दर रविवारी आमच्या ओटीवर गाल सुजलेली माणसं बसलेली असायची, कोणी मानपाड्याहून, कोणी कल्याणहून चालत आलेलं. पितळेच्या ताटलीत पाणी घ्यायचं, मधे विटेचा तुकडा ठेवायचा, त्यावर चुलीत लाल केलेलं लोखंड. लोखंडावर रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या वाळक्या बिया तेलात कालवून टाकायच्या आणि लगेच वर भोक पाडलेली करवंटी उपडी घालायची. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ. माणसाने त्या देठातून धूर तोंडात ओढायचा, दुखऱ्या दाढेवर धरायचा, लाळ बाहेर सोडायची. बिया आत तडतडायच्या. थोड्या वेळाने आत्या करवंटी उचलायची, आणि ताटलीच्या पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे किडे पडलेले असायचे. माणूस आपल्याच तोंडातून निघालेले किडे बघून गार व्हायचा. त्या धुराने दाढ बधिर व्हायची, ही गोष्ट खरी. दोन दिवस तरी दुखणं थांबायचं.

बाकी वेळी आत्या घरात खालमानेने असायची. विधवेने जेवढं बोलावं तेवढंच बोलायची, बाबांसमोर तर नाहीच. पण रविवारी तिचा आवाज बदलायचा. "तोंड उघड गो," ती एखाद्या सुनेला म्हणायची, "सासूशी भांडताना उघडतस तवरा उघड." एकदा एक जाडजूड माणूस कण्हत होता तर म्हणाली, "बायको बालंत झाली तवा ती पन येवरी नाय वरडली." ओटी हसायची. पैसे ती घेत नसे, विद्या विकली तर जाते म्हणायची. लोक नारळ, तांदूळ, कधी कोंबडी ठेवून जात, आणि ते सगळं बाबा आत नेत. त्या दिवशी आत्याला जेवायला पहिल्या पंगतीला बसवत. लोखंड तापवणं आणि ताटली धुणं हे माझं काम होतं. मी कोणाशी बोलत नसे, म्हणून आत्याला मी आवडायची.

एका रविवारी एक तरणा माणूस आला होता. आत्याने सगळं मांडलं, बिया टाकल्या, करवंटी घातली, आणि देठ त्याच्या तोंडाजवळ नेला तर तो धूर बघूनच घाबरून उठला आणि पळाला. लोक त्याच्या मागे हसत अंगणात गेले, आत्याही गेली. मी ताटली धुवायला करवंटी उचलली. पाण्यात चार किडे होते. त्या माणसाने देठाला ओठसुद्धा लावला नव्हता. मी वाकून लोखंडाकडे बघितलं. लोखंडावरच्या बिया फुटून उघड्या पडल्या होत्या, आणि एका बीच्या पोटातून तसाच पांढरा किडा अर्धा बाहेर आलेला होता. तो किडा नव्हता, बीचा कोंब होता. मी पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं, ताटली राखेने घासली आणि जागेवर ठेवली. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्याची पहिली पंगत गेली असती, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी मी पुन्हा लोखंड तापवलं.

देवकीवैनी खडवलीची. आली तेव्हा सतरा-अठराची असेल. तिच्या माहेरी नदी होती, गोडं पाणी होतं, आणि आमच्या खाऱ्या वाऱ्याला ती पहिल्या दिवसापासून नाक मुरडत होती. घरात एकटी तीच मला "बाय" म्हणायची, आणि माझ्या शाळेच्या पाटीवर बोटाने आपलं नाव गिरवून घ्यायची. मिठाचा हंगाम भरात असताना तिची खालची मागची दाढ दुखायला लागली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर गालापर्यंत ओढलेला असायचा, म्हणून तीन दिवस कोणाला सूज दिसली नाही. मिठाच्या पाट्या वाहणं चालूच होतं. चौथ्या दिवशी आत्याने किडे काढले. सहा निघाले. वैनीला त्या रात्री झोप लागली, आणि आत्या कौतुकाने म्हणाली, "घरची सून, म्हनून सहा."

दोन दिवसांनी सूज उतरून हनुवटीखाली आली. आत्याने पुन्हा धूर दिला, पुन्हा किडे निघाले. मी लोखंड तापवलं होतं. माझ्याच हाताने. मला वाटत होतं, धुराने थांबेल, इतक्यांचं थांबतं तसं हिचंही थांबेल, आणि मी काही बोलले नाही तरी चालेल. बाराव्या दिवशी वैनीचा गळा फळीसारखा कडक झाला. तोंड बोटभर उघडेना, थुंकी गिळता येईना, ती पदरात गळत होती. श्वास घेताना घरघर ऐकू यायची. त्या दिवशी कोणीच कामाला गेलं नाही. बाबा म्हणाले, "भगताला बोलवा." आत्या म्हणाली, "मोठा किडा आत हाय. तोंडात देठ जात नाय, तर नाकातून धूर देऊ." आणि मला हाक मारली, "पोरी, लोखंड लाल कर."

मी लोखंड लाल केलं. ताटली ओटीवर आणली, बाबा, आई, दादा, आत्या सगळ्यांच्या मधे ठेवली. आत्या वैनीला बसती करत होती. मी मूठभर बिया लोखंडावर टाकल्या, करवंटी घातली, आणि देठ लावलाच नाही. आत्या म्हणाली, "काय करतस गो?" एवढ्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नसे. मी करवंटीवर हात दाबून बसले. बिया तडतडल्या, धूर भोकातून वर गेला. मग मी करवंटी उचलली. पाण्यात दहा-बारा किडे होते.

बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. पण आई पुढे वाकली, ताटलीत बघितलं, एक किडा बोटावर घेतला, मग लोखंडावरची फुटलेली बी उचलून त्याच्याशेजारी धरली. मी आत्याकडे बघत होते. मला आधी वाटायचं आत्याला माहीत असणार. तिचं तोंड बघितलं आणि कळलं की तिला माहीत नव्हतं. ती आपल्याच हातांकडे बघत होती, दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे. आई दादाला एवढंच म्हणाली, "गाडी जुंप."

ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी वैनीचा गळा बाहेरून, जबड्याखाली चिरला. वाडगाभर पू निघाला असं आईने नंतर सांगितलं. मी व्हरांड्यात होते, मला फक्त आवाज आला. मग डॉक्टर बाहेर आले आणि दादाला म्हणाले, "आठ दिवस आधी आणली असती तर दाढ काढून त्याच दिवशी घरी पाठवली असती. आता इंजेक्शनं लागतील, पेनिसिलीनची, आणि ती बाहेरून विकत आणावी लागतील. आजच." आठ दिवस. आत्याने पहिल्यांदा किडे काढले त्याला तेवढेच दिवस झाले होते.

मिठागराचा हिशोब हंगाम संपल्यावर व्हायचा, तोवर घरात पैसा नसे. आई केळकरकाकूंच्या दारी मीठ विकायची. स्टेशनजवळ नवं घर बांधलेलं कारकुनाचं कुटुंब ते, आणि मला शाळेत घालावं म्हणून आईच्या मागे लागलेल्या त्याच. आईने दादाला आणि मला त्यांच्याकडे पाठवलं. दादा फाटकाशी थांबला. "तू जा," म्हणाला, "तुला वळखतात." मी मागच्या दाराने गेले. काय सांगितलं आठवत नाही, रडत होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साठ रुपये म्हणजे थोडे नव्हेत हो. यांना सांगावं लागेल मला. कोण फेडणार?"

मी म्हणाले, "मी."

मी तेव्हा अकरा वर्षांची पोर. काकू हसल्या नाहीत. आत जाऊन नोटा घेऊन आल्या आणि माझ्या परकराच्या गाठीत त्यांनी स्वतः बांधल्या.

वैनी वाचली. तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा जबड्याखाली खोल, ओढलेला व्रण होता आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. निघताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, रात्री झोपताना दात स्वच्छ, मशेरी बंद. आई म्हणाली, "मिठागरावर जल्म गेला, आन मीठ सांगाया ठाण्याचा डाक्टर लागला." तेवढंच ती हसली. वैनी गुळण्या करायची, मीही तिच्याबरोबर करायला लागले, ते आजतागायत. माझ्या सुना हसतात की म्हातारी रात्री अर्धा तास मोरीत असते. हसू देत. नातवंडांपैकी कोणाचा गाल सुजला आणि तोंड उघडायला त्रास व्हायला लागला की मी कोणाचं ऐकत नाही, रिक्षा बोलवायला लावते, मग तो सणाचा दिवस असो की परीक्षेचा.

मला वाटलं होतं आता ओटीवर कोणी येणार नाही. पण पुढच्या रविवारी तिघे आले, त्याच्या पुढच्या रविवारी पाच. गावात अशी बोलवा झाली की पोरीने बिया चुकीच्या टाकल्या म्हणून किडे उलटले. बाबा आत्याला म्हणाले, "बस ओटीवर." आत्या बसली. आता ती थट्टा करत नसे. अडचण झाली ती वैनीची. आलेलं माणूस धूर घ्यायला तोंड उघडायचं आणि दारात पाणी घेऊन उभ्या असलेल्या वैनीचा गळा बघायचं. "ही घरातलीच ना?" असं एक बाई विचारून न थांबता निघून गेली. त्याच आठवड्यात बाबांनी दादाला सांगितलं की तिला जरा हवा बदलायला खडवलीला सोड. वैनीने लुगड्यांचं गाठोडं बांधलं. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आठ दिवसांनी येतंय, बाय." तिला बोलावणं गेलंच नाही. वर्षाच्या आत दादाचं दुसरं लग्न झालं. मी चौथी पास झाले होते. बाबा म्हणाले, "शाला शिकून ह्या शिकली. मोठ्यांची तोंडं काली करायला," आणि माझ्या डोक्यावर मिठाची पाटी आली.

पैशाचं नाव निघालं की बाबा म्हणायचे, "ज्याची बायको त्याना फेडावं." दादा म्हणायचा, "ती आता माझी कोन?" माझी मजुरी बाबांच्या हातात जायची. मी ओहोटीला खाडीच्या दगडांवरचे शिंपले फोडून कालवं काढायची आणि स्टेशनबाहेर पानात मांडून विकायची. चार आणे, सहा आणे. साठले की काकूंकडे. बोटं कायम चिरलेली असायची. काकू कधी कमी घेत नसत, जास्त मागतही नसत. एकदा म्हणाल्या, "अगं, तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही का? परवा ती खडवलीची येऊन पाच रुपये देऊन गेली. भाजीची टोपली घेऊन येते स्टेशनवर." मला माहीतच नव्हतं. आमच्या घरापासून मैलभरावर ती येत होती, आणि आमच्या वाटेला येत नव्हती.

पुढच्या वेळी मी वार विचारून गेले. काकूंच्या मागच्या पायरीवर वैनी बसली होती, चहात भाकरी भिजवून बोटाने दातांच्या फटीतून आत सारत. मला बघून सरकली, जागा केली. मी खूप वर्षं मनात घोकलेलं सगळं एकदम बोलून टाकलं, की मला आधीच माहीत होतं, मी बघितलं होतं, मी लोखंड तापवत राहिले, मी बोलले असते तर तिचा गळा चिरावा लागला नसता.

वैनीने घोट संपवला. म्हणाली, "मना पन ठाव होता."

"काय?"

"पैल्याच दिवशी. देठ तोंडात घेतला नव्हता, तवाच करवंटीच्या कडेतून एक पानीत पडलेला बघितला मी."

"मग बोललीस का नाही?"

"कोनाला बोलू? तुझ्या बापाला?" ती माझ्याकडे बघून हसली. पूर्ण हसता येत नव्हतं तिला. "सून येऊन वर्स नाय झाला, आन आतेसासूच्या विद्येला खोटी बोलू? तेव्हाच खडवलीला पाठवली असती." मग टोपली उचलत म्हणाली, "पाठवलीच. पन तवा धड तोंड घेऊन गेली असती."

त्यानंतर आम्ही वर्षातून दोन-तीनदा त्या पायरीवर भेटत होतो. ती तिच्या मुळ्याची एक जुडी मला द्यायची, मी कालवं द्यायची, ती नीट शिजवून, ठेचून खायची. फारसं बोलत नव्हतो. आत्या मधल्या काळात गेली. शेवटच्या दुखण्यात तिने मला जवळ बोलावून विचारलं होतं, "माझ्या सासूला ठाव असंल का गो?" मी म्हणाले नसेल. मला काय माहीत. तिच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता.

नवे पैसे चालू झाले, माझं लग्न ठरलं, ठाण्याला. तोवर साठातला एकच रुपया राहिला होता. तो माझ्याकडे कधीचा जमला होता, पण मी दिला नव्हता. कालवं खपली नाहीत, असं काकूंना दोनदा खोटं सांगितलं. हा रुपया गेला की त्या पायरीवर जायला आम्हा दोघींना काही कारण उरणार नव्हतं. तिला मी माझ्या घरी बोलावू शकत नव्हते, तिच्या घरी मला कोणी जाऊ दिलं नसतं. लग्नाआधी एकदा भेटावं म्हणून मी वार धरून गेले. रुपया पदराला बांधला होता, तरी देणार नव्हतेच.

पायरीवर कोणी नव्हतं. काकू तांदूळ निवडत होत्या.

"अगं, ती सोमवारीच येऊन गेली," त्या म्हणाल्या. "तुझ्या लग्नाचं तिला कळलं होतं. राहिलेला रुपया देऊन गेली. म्हणाली, पोरगी नव्या घरी जाते, तिच्या डोक्यावर कोनाचं देणं नको." सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला. "फिटले हो सगळे."